मिस्त्रींचा कान आणि डॉक्टरबाईंचा ब्लॉक

गॅरेजमध्ये रोज तासभर बसणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. पँटला ग्रीस लागतं तसे तेही लागतात, आणि घरी गेल्यावरच कळतं. पेणला गजानन मिस्त्रींच्या गॅरेजात मी काही वर्षं संध्याकाळी बसायचो. जे घडेल ते वहीत लिहायचो. पुढचे सगळे किस्से एकाच गाडीचे आहेत.

मिस्त्रींची ब्लॉक तपासायची पद्धत जगावेगळी. इंजिनचा उघडा ब्लॉक, म्हणजे सिलिंडरांचा लोखंडी ठोकळा, साखळीला टांगायचा, हातोडीने हलकेच टोला द्यायचा आणि डोळे मिटून ऐकायचं. "खणखणला तर आपला, बद्द वाजला तर भंगारवाल्याचा!" तीस वर्षं हा निकाल कधी चुकला नव्हता. मग एकाच वर्षात दोनदा चुकला. दोन्ही गाड्या सुकेळी खिंडीत वाफा सोडत उभ्या राहिल्या. नाक्यावर लोक बोलायला लागले.

अशात रोह्याच्या डॉक्टरबाईंची जुनी पेट्रोल गाडी आली. ब्लॉक मधोमध तडकलेला.

बाई म्हणाल्या, "मिस्त्री, चढावरच्या वाड्यांत माझ्या तीन बायकांचे दिवस भरत आलेत. एस.टी. खालच्या फाट्यापर्यंतच जाते. गाडी पंधरा दिवसांत हवी, आणि चढाला दमणारी नको."

मिस्त्री हात पुसत म्हणाले, "बाई, ह्या टायमाला चुकलो तर हातोडी खाली ठेवतो. कायमची."



* * *

त्या गाडीला दोन तऱ्हेचे ब्लॉक बसायचे. जुना जाड भिंतीचा: वजनाला भारी, लवकर तापणारा, पण सिलिंडर आतून कापून मोठे करता येणारा. नंतरचा पातळ भिंतीचा: हलका, थंड राहणारा, पण कापायला गेलात की संपला. मिस्त्री जाड्याच्या बाजूचे. रोह्याचे बोअरिंगवाले, म्हणजे यंत्रावर सिलिंडर कापून देणारे, अझीझभाई पातळ्याच्या. दोन संध्याकाळी वाद चालला. तापमान, ताकद, पेट्रोल, सगळं निघालं.

शेवटी डॉक्टरबाई उठल्या. "अहो, ब्लॉक निवडताय की जावई?"

जाडा ठरला. चढासाठी ताकद हवी होती, आणि ती आतून कापल्यावरच मिळणार होती.

* * *

पहिला ब्लॉक धरमतरजवळच्या मिठागरातून आला. तिथे तो पाण्याच्या पंपाला जोडलेला होता. मिठागराच्या मालकीणबाईंनी देतानाच सांगितलं, "नेताव तं न्या, पन त्यानं वर्सानुवर्सं खाडी पिलीय हां!"

मिस्त्रींनी टांगला. टोला दिला. डोळे मिटले.

"खणखणला!"

मी दोन हात अंतरावर उभा होतो. मला तो बद्द ऐकू आला होता. माझीच चूक असेल म्हणून मी गप्प बसलो.

रात्रभर पाणी भरून ठेवला. सकाळी ब्लॉकला तळाशी तीन ठिकाणी घाम फुटला होता. खाऱ्या पाण्याने लोखंड आतून खाल्लेलं!

त्या दिवशीच्या वहीत एकच ओळ आहे: "मिस्त्री हल्ली हाक मारली की मान डावीकडे फिरवून उजवा कान पुढे करतात." लिहिलं, पण बोललो कोणालाच नाही. मिस्त्रींना तर नाहीच.

* * *

दुसरा ब्लॉक कासूच्या एका शेतकऱ्याच्या पडवीत सापडला. कोंबड्यांचं खुराडं त्याच्यावर टेकवलेलं होतं. पण जाडा की पातळ? बाहेरून दोन्ही सारखेच, आणि ओतकामाचा शिक्का गंजून गेलेला. मिस्त्री टोला द्यायला गेले, आणि हातोडी उचललेली तशीच खाली ठेवली.

"भाऊ, तू सांग. कसं ओळखायचं?" हे त्यांनी मला विचारलं! तीस वर्षांत कोणाला विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, "वजन करू."

भातगिरणीच्या काट्यावर आधी बाईंचा तडकलेला ब्लॉक ठेवला. तो पातळा होता, हे माहीत होतं. मग कासूचा ठेवला. काटा चांगलाच पुढे सरकला. जाडा!

गिरणीवाला पावतीचं पुस्तक उघडत म्हणाला, "भाताचं नाव काय लिवू?"

* * *

मग चिरा शोधायच्या. मीच सुचवलं: रॉकेल लावा, कोरडं पुसा, वर पांढरी पूड मारा. चीर असेल तर आतलं रॉकेल पुडीवर काळी रेघ काढतं. शेजारच्या गणपतीच्या कारखान्यातले रंगारी बाळूदादा म्हणाले, "पूड? आपल्याकडे पोत्यानं हाय!"

पूड मारली. अर्धा तास कोणी जागचं हललं नाही. एकही रेघ उठली नाही! आनंदात मिस्त्रींनी नळी लावून ब्लॉक धुतला.

तेव्हा बाळूदादांना आठवलं, की ती खडूची पूड नव्हती. प्लॅस्टर होतं!

ब्लॉकच्या आतल्या पाण्याच्या वाटा दगडासारख्या बंद झाल्या. पंधरातले नऊ दिवस गेलेले. मिस्त्री दोन दिवस तारेने आणि छिन्नीने कोरत बसले. तिसऱ्या दिवशी बाळूदादांनी हळूच डोकं आत घातलं.

"मिस्त्री, सोंड लावून देऊ का?"

* * *

अझीझभाईंकडे ब्लॉक यंत्रावर चढला. दोन फेऱ्या कापून झाल्या. किती कापता येतं त्याचा तक्ता मी पुस्तकातून उतरवून आणला होता; त्याप्रमाणे तिसरीला जागा होती.

मिस्त्रींनी वाकवलेली तार पाण्याच्या भोकातून आत घातली, चाचपडली आणि हात वर केला. "बस!"

"मिस्त्री, तक्त्यात बसतंय," मी म्हटलं.

"तुझा तक्ता नव्या ब्लॉकचा. ह्याची भिंत आतून किती गंजलीय ते तक्त्याला ठाव हाय?"

अझीझभाईंनी यंत्र बंद केलं. मी तक्त्याची घडी केली.

* * *

पंधराव्या दिवशी सकाळी आम्ही तिघं निघालो. बाई गाडी चालवत होत्या, मिस्त्री शेजारी, मी मागे. नागोठण्यापर्यंत गाडी लोण्यासारखी पळाली. सुकेळी खिंडीचा चढ लागला. गाडी जोरात ओढत होती.

अर्ध्या चढावर आवाज सुरू झाला. टक्. टक्. टक्.

आरशात बाईंची आणि माझी नजर भेटली. मिस्त्री समोर बघत खुशीत बसले होते.

टक्-टक्. टक्-टक्.

बाईंनी गाडी कडेला घेतली. इंजिन चालूच ठेवलं.

"का थांबलात, बाई?"

कोणीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "मिस्त्री, आवाज येतोय. मघापासून."

त्यांचा चेहरा उतरला. गाडीतून खाली येऊन त्यांनी बॉनेट उघडलं. खिशातून लांब स्क्रू ड्रायव्हर काढला, टोक ब्लॉकवर टेकवलं आणि आवाज दातांतून डोक्यात यावा म्हणून लाकडी मूठ दातांत धरली. डोळे मिटले. एकेका सिलिंडरवर थांबत मूठ चावत ते ऐकत राहिले. दोन ट्रक वर गेले. बाई घड्याळाकडे बघत नव्हत्या, फक्त मिस्त्रींकडे.

मिस्त्रींनी मूठ सोडली. "ब्लॉक गप हाय. आवाज असंल तर माझ्या इंजिनाचा नाय. मागं बघा."

मी डिकी उघडली. बाईंचा हत्यारं उकळायचा स्टीलचा डबा झाकण सुटून थरथरत होता. मी त्यावर हात ठेवला. आवाज थांबला!

मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हरची मूठ सदऱ्याला पुसली.

बाईंनी पिशवीतून स्टेथोस्कोप काढला. "मिस्त्री, दात पडतील. हा लावून बघा."

मिस्त्रींनी नळ्या कानात घातल्या, चकती ब्लॉकवर ठेवली. इकडे फिरवली, तिकडे फिरवली.

"ह्याच्यात काय ऐकू येत नाय, बाई. दातच बरे!"

"तेच बघायचं होतं," बाई म्हणाल्या. "दातांतून ऐकू येतं, कानांतून येत नाही, म्हणजे कानावर इलाज होण्यासारखा आहे. सोमवारी दवाखान्यात या. गाडी पाठवते."