आईचा हयातीचा दाखला

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. पुढल्या आठवड्यात मला माझाच हयातीचा दाखला बँकेत द्यायचाय — आणि तो कागद दोनदा हातात घेऊन तसाच परत ठेवलाय. म्हणून तुम्हाला सांगतो.

वडील सरकारी खात्यात शिपाई होते. त्यांच्यामागे आईला पेन्शन मिळे. थोडीच, पण तिची. सकाळी आमच्या आमोणे गावात पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजला की कनवटीचे पैसे काढून ती नातवंडांसाठी पोया, ते कोंड्याचे पाव, घ्यायची. मला एक पैसा देऊ द्यायची नाही. काय तोरा असायचा!

दर नोव्हेंबरात ती जिवंत असल्याचा दाखला बँकेत द्यावा लागे. त्या वर्षी तिनं हेडमास्तरांसमोर अंगठा उठवला, कागद माझ्याकडे दिला. मी तो स्कूटरच्या डिकीत टाकला आणि — विसरलो. एवढंच असतं तर हे सांगत बसलो असतो का?

पेन्शन थांबली. डिकी उघडली, तर कागद भिजून लगदा झालेला. नवा करायचा तर तिचा अंगठा पुन्हा घ्यायचा, म्हणजे विसरलो ते सांगायचं. पन्नाशीचा बाप्या माणूस मी, आईच्या शिव्यांना घाबरलो? नाही हो. कागदपत्रं म्हणजे माझा बाबू, असं ती गावभर सांगायची — ते मला सोडवेना. मी म्हणालो, दाखला दिला होता आई, त्यांनीच चुकून तुला मयत लावलंय. अर्ज केलाय, वेळ लागेल. किती सहज बोललो!

तिनं कनवटी चाचपली. मग म्हणाली, "बाबू, मी जिती आसंय म्हणान तेंका सांगलंस मा?"

सांगितलं, म्हणालो. दर महिन्याला ती विचारायची, दर महिन्याला मी नवी थाप मारायचो. पुढे तिनं विचारणंच सोडलं. भोंगा वाजला की आतल्या खोलीत जाऊन बसायची. मी पैसे दिले तर ते माझ्याच शर्टाच्या खिशात परत यायचे. एकदा शेजारणीला सांगत होती — सरकारात मी मेलेली, मला आता खर्च कसला? मी ओसरीवर पेपर वाचत होतो. सगळं ऐकलं. उठलो नाही, पान उलटलं.

दीड वर्षानं ती गेली. बँकेत कळवायला गेलो. काउंटरवरच्या मुलीनं नाव शोधलं.

"आमच्याकडे त्या हयातच आहेत, काका. नुसता दाखला आला नव्हता. कधीही आणला असतात तर मागच्या सगळ्या पैशांसकट पेन्शन सुरू झाली असती."

मी तिच्यापुढे आईच्या मृत्यूचा दाखला सरकवला. हा कागद मात्र मी मिळाल्या दिवशीच, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, कोरडा आणला होता.