हमीच्या बांधावर आलेली पालखी

चिखलाचा गोळा एका हातातून दुसऱ्या हातात पडताना एक ओलसर, भरीव आवाज होतो... थप्प... आणि ओळीत गावच्या साऱ्या बायका उभ्या असल्या की तो आवाज खाजणातून निघून बांधापर्यंत चालत येतो. डोळे मिटले की आजही मला आधी तो ऐकू येतो, आणि मग येतो वास — ओहोटीनंतर उघड्या पडलेल्या खाजणाचा, मिठाचा, शेवाळाचा, कुजलेल्या तिवराच्या पानांचा. नवख्याच्या नाकाला तो झोंबतो. माझ्या लेखी बालपणाचा सुगंध म्हणून काही असेल तर तो हाच, आणि ज्याला सोसत नसेल त्यानं खुशाल रुमाल लावावा!

आमचं गाव अलिबागच्या खारेपाटातलं. शेतं भरतीच्या पाण्याहून खाली, आणि मधे मातीचा मोठा बांध. त्याला आम्ही बाहेरकाठा म्हणतो. एका पावसाळ्यात त्या बांधाला खांड पडली, म्हणजे चांगलं भगदाडच, आणि समुद्र सरळ आमच्या भातात आला. पुढचे दोन हंगाम दाणा नाही. जमिनीवर नुसतं पांढरं मीठ, आणि त्यावरून ऐटीत हिंडणारे बगळे. कर्ती माणसं कामासाठी बाहेर पांगली. बाबांनी पनवेलच्या एका गोदामात हमालीचं बोलून ठेवलं. चैत्राच्या उधाणाआधी खांड बुजली नाही तर घराला कुलूप लावून सगळ्यांनी पनवेल गाठायचं, असं घरात ठरूनच गेलं होतं. आई गावातल्या बायांना घेऊन तालुक्याला गेली आणि रोजगार हमीचं काम मागून आली. "दुसरं काय नको सायेब, आमचाच बांध आमाला बांधायला द्या," असं ती तिथे म्हणाली होती. हे वाक्य पुढे कितीतरी दिवस पाणवठ्यावर आमच्या कानांवर पडे, दर वेळी थोडा मीठमसाला लावून.

काम मंजूर झालं. बांधाशेजारी झावळ्यांचा मांडव उभा राहिला. त्यात पाण्याचे गार माठ, लाल औषधाची पत्र्याची पेटी, आणि जुन्या साड्यांच्या झोळ्यांत गावची तान्ही पोरं. एका झोळीत माझा धाकटा भाऊ, आणि तिची दोरी माझ्या हाती. झोळी मागे गेली की मला आई दिसायची — काष्टा घट्ट मारलेला, गुडघ्यापर्यंत राखाडी चिखल, कपाळावरचं कुंकू तेवढं कोरडं... झोळी पुढे आली की ती दिसेनाशी व्हायची. मुकादम समजूतदार होता. त्यानं हजेरीची वेळ ओहोटीप्रमाणे ठेवली. रोज दोन्हीकडून बांध थोडाथोडा सरकत येई आणि मधलं पाणी अधिकच खवळून वाही.

ते शेवटचं तोंड बुजवायला भांगाचे दिवस लागतात — अष्टमीच्या आसपासचे, भरतीला जोर नसतो तेव्हाचे. आणि नेमकी त्याच अष्टमीला गावदेवीची पालखी! पालखी आमच्याकडे दारोदार जाते, घराघराचा मान ठरलेला असतो, आणि दारात ओटी भरायला घरची बाई हवीच. आदल्या दिवशी गुरवनाना मांडवापाशी येऊन उभे राहिले.

"उद्या काम बंद ठेवा. पालखी कुनासाठी थांबत न्हाय."

आईनं हातातला गोळा पुढच्या बाईकडे दिला. "व्हय नाना. पन भरती बी थांबत न्हाय. देवीला सांगा, घरात कोन न्हाय, समद्या बांधावर हायत."

नाना पाय आपटत निघून गेले. आईला भीती वाटत होती, देवीची आणि गावाचीही. तरी सकाळी ती सगळ्यांच्या आधी खाजणात उतरली.

उन्हं डोक्यावर आली आणि ढोल ऐकू आला... गावातून नव्हे, शेतांतून! मीठ फुललेली ढेकळं तुडवत, गुलाल उधळत पालखी सरळ बांधाकडे येत होती, नाना सगळ्यांच्या पुढे, मागे सणासाठी गावी परतलेले पुरुष, आणि बाबांच्या खांद्यावर पालखीचा दांडा. मी दोरी सोडून धावले. बाया मात्र आपल्या बरबटलेल्या हातांकडे बघत गोंधळून उभ्या. नाना ओरडले, "तशीच भरा ओटी! देवी आपलीच हाय, तिला चिखल काय नवा?"

मग आनंदाच्या भरात पुरुषांनी जे करायचं नव्हतं तेच केलं. पालखी घेऊन ते बांधावर चढले आणि ढोलाच्या तालावर नाचू लागले, ते नेमके दोन्हीकडचा बांध नुकताच जिथे मिळाला होता त्या ओल्या, ताज्या जोडावर. आईची किंकाळी आली, "आवो, उतरा खाली! बांध खचला!" आणि खरंच, दर्याकडची कड सावकाश घसरू लागली. ढोल थांबला. देवी मांडवात, पोरांच्या झोळ्यांशेजारी टेकवली गेली. नानांनी धोतर खोचलं आणि सर्वांआधी उडी टाकली. मागोमाग बाबा, आणि मग कडक इस्त्रीचे कपडे घातलेले सगळेच. बाया हुकूम सोडत होत्या, पुरुष गोळे वाहत होते. संध्याकाळची भरती लागायच्या आत खांड बुजली. आपण नाचून चेपला म्हणूनच तो जोड पक्का झाला, असं हे पुरुष पुढे सांगत राहिले, आणि बाया पदराआड हसत राहिल्या.

पुनवेला भर दुपारी उधाण आलं. सगळं गाव बांधाच्या आतल्या बाजूला उभं होतं. पाणी चढलं, माथ्याच्या थोडंसं खाली येऊन ठेपलं... आई पायथ्याशी बसून हातानं माती चाचपत होती, कुठे ओल फुटते का बघत. खूप वेळ पाणी तसंच उभं राहिलं. मग ते उतरू लागलं.

बाबा आईजवळ गेले आणि एवढंच म्हणाले, "तुज्या भावाला सांगावा धाड. बियानं ठेव म्हनावं आमच्यासाठी." आई हसली, आणि मग पदरात तोंड घालून तिथेच रडली. पनवेलचं नाव घरात पुन्हा निघालं नाही.

आता आई नाही, बाबाही नाहीत. शेजारच्या शेतांत मुंबईकरांचे बंगले उठले आहेत. बाहेरकाठ्यावर यंत्रानं नवी माती चढली, तिच्या आत कुठेतरी आईच्या हातचे गोळे आहेत. दर पावसाळ्यात त्या आडोशाला माझं भात हिरवंगार उभं राहतं, आणि ते बघताना मला जो अभिमान वाटतो तो मी मुळीच लपवत नाही. माझा भाऊ शहरातून येतो आणि काळजीनं म्हणतो, ताई, दर्याच्या पातळीखाली कशाला राहतेस, ये माझ्याकडे. मी त्याला सांगते, अरे, आपल्या आईनं दर्याला इथे थांब म्हणून सांगितलं आणि तो थांबला. मग मी कशाला उठून जाऊ?