फाइल कोणी धरून ठेवली?

मी भुतंखेतं मानत नाही, हे आधी लिही असं सुनेला सांगितलंय. पुण्याला आमची खोली मसणवट्याच्या भिंतीला लागून होती. नवरा गेला, पोर वाढवलं, सगळं तिथंच. कधी कोणी दारात आलं नाही. आणि आलं ते कुठे, तर वेलिंग्टनला, मुलाच्या घरी, कार्पेटवर, रविवारी भर दुपारी!

मला लिहिता येत नाही. मी बोलते, सून मेघना टाइप करते. २००६ साली तिनेच काढलं — "आई, तुमची पंचाहत्तरी येतेय, तुमची हकिकत लिहूया. छापून हॉलमध्ये सगळ्यांना वाटू." मग मी सांगत गेले. नवरा गेल्यावर मी मंगल कार्यालयात राखेने भांडी घासायला लागले. सोबतीण होती एक. ती मोठ्या पातेल्यांच्या बुडाचा मसालेभात खरवडून पदरात बांधायची आणि माझ्या संजयला आणून द्यायची. लग्नाची तिथी असली की पोराचं पोट भरायचं. नाहीतर पाणी.

मेघना ते मला वाचून दाखवायला लागली, तर भात गायब! संजयने पुसलेला.

"अरे, भात कुठाय?"

"आई, ऑफिसचे लोक येणार. ते उष्टं-बिष्टं कशाला?"

"उष्टं नव्हतं! पातेल्याच्या बुडाचं होतं. त्याच्यावर वाढलास तू."

"ओके, पण लिहायला कशाला पाहिजे?"

अस्सा राग आला... माझे हात सोलवटले, कंबर गेली, ते लिहिलेलं चाललं. म्हणजे माझे कष्ट दाखवायचे आणि ह्याची भूक झाकायची? आणि त्या बाईचे उपकार? ते पण पुसायचे?

मेघनाने भात परत घातला. रविवारी जेवणं झाल्यावर संजय पुन्हा पुसायला बसला, दुसऱ्या दिवशी छापायला द्यायचं होतं. लगेच ओरडला, "मेघना, फाइल बंद कर गं! लॉक दाखवतंय."

"मी ओटा पुसतेय. माझा लॅपटॉप बॅगेत आहे, बंद!"

मेघनाने मला समजावलं होतं — फाइल एकच, दोघांच्याही कॉम्प्युटरवरून उघडते. वाचायला कितीही जणांनी उघडा. पण एक लिहीत असला की दुसऱ्याला नुसतं वाचू देतं, लिहू देत नाही. बरोबरच आहे. परातीत एकीचा हात असताना दुसरीने घालू नये.

पण हात होता कोणाचा? संजयने कॉम्प्युटर बंद करून चालू केला. लॅपटॉपची बॅटरी काढली. इंटरनेटची वायर ओढली. तरी तेच — दुसरं कोणीतरी लिहितंय, तुम्ही फक्त वाचा. कॉपी काढली, तर तिच्यातही तेच!

"नाव कोणाचं दाखवतंय?" मेघना हात पुसत आली. संजयने पडद्याकडे बोट केलं. मग तिनेच वाचलं — "अनसूया. ही कोण?"

माझ्या सोबतिणीचं नाव! मी नाव सांगितलंच नव्हतं. सोबतीण म्हटलं होतं, बस. संजय सातवीत असतानाच ती गेली.

"आई, तू हिला नाव सांगितलंस?"

"मला काय विचारतोस! मावशी मावशी करत तिच्या पदराला तू लोंबायचास. नुसतं वाचू देतंय ना? मग वाच. सगळं वाच, एकदा तरी!"

वाचलं त्याने. पहिल्यापासून. तोवर त्याने पुसण्यापुरतंच वाचलं होतं. शेवटी एवढंच म्हणाला, "आई, त्या भाताला राखेचा वास यायचा."

संध्याकाळी मेघनाने उघडली तर फाइल मुकाट उघडली. अनसूयाचं नाव घाल, असं संजयनेच सांगितलं. भातासकट छापलं.

त्याच्या ऑफिसातले म्हणाले, काहीतरी उघडं राहिलं असेल, सेटिंग असेल. असेल बाबा. पण सेटिंगला तिचं नाव कोणी सांगितलं? आणि एक गोष्ट मला अजून उलगडत नाही... कॉम्प्युटर म्हणत होता, अनसूया लिहितेय. अहो, अनसूया पगाराला अंगठा लावायची.