बैलाचा पाठ

शनिवारी प्रशिक्षण आहे असं कळलं की माझं डोकं शुक्रवारीच फिरतं. चेन्नईत शिकवायला लागल्यापासून इतकी प्रशिक्षणं झाली, की त्यांतून मी एकच गोष्ट पक्की शिकले, शेवटच्या रांगेत पंख्याखाली बसायचं. नवऱ्याची नोकरी अंबत्तूरच्या कारखान्यात, म्हणून बिऱ्हाड तिकडे. मी गणित शिकवते ती मुलींची शाळा मैलापुरात. रोज गाड्या बदलत यायचं आणि शनिवारही द्यायचा, मग माणसानं कपडे धुवायचे कधी?

आमच्या मुख्याध्यापिका तंजावरकडच्या मराठी. पिढ्यान् पिढ्या इकडेच, त्यामुळे मराठी जुन्या वळणाचं आणि हेल तमिळ. माझ्याशी मात्र हौसेनं मराठीतच बोलतात. मी कुरकुरले तेव्हा म्हणाल्या, "टीचर, ह्या खेपेस सगळ्यांनी बसायचं. वॉचमननं, आयाबाईनं, सगळ्यांनी. घर नसलेल्या पोरींना शाळेत कसं सांभाळायचं, ते शिकवणार आहेत."

नववीतली एक मुलगी त्याच क्षणी आम्हा दोघींच्या डोळ्यांसमोर आली.

तिचं कुटुंब बाजारातल्या एका दुकानाच्या पत्र्याखाली, फुटपाथवर झोपायचं. मुलगी गणितात तल्लख. फळ्यावर उदाहरण लिहून होईस्तोवर हिचं उत्तर तयार. पण गृहपाठाची वही कायम कोरी, आणि प्रत्येक तासाला प्रत्येक टीचर त्याबद्दल तिला उभं करायची. पोंगलनंतर तिच्या दांड्या वाढल्या. मग आई येऊन सांगून गेली, की वार्षिक परीक्षा झाली की टीसी घेऊन जाईन. गिंडीत मावशी शिवणकामाच्या कंपनीत आहे, तिच्याबरोबर हीसुद्धा लागेल. दहावीच्या उंबरठ्यावरून ही पोरगी शिलाई मशीनवर जाणार, या विचारानं मला नुसता संताप यायचा. कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

प्रशिक्षण द्यायला आलेल्या बाई माझ्याहून लहान होत्या. त्यांनी तक्ते लावले नाहीत की गट पाडले नाहीत. म्हणाल्या, "दिवसभर मुलींना जे प्रश्न विचारता, तेच विचारा. फक्त 'वीडु' हा शब्द वापरायचा नाही." वीडु म्हणजे घर. आम्हाला वाटलं, हे काय अवघड?

वॉचमन उठला आणि म्हणाला, "उशीर का झाला? घरून लवकर निघता येत नाही?" बाद. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "उद्या घरच्यांना घेऊन ये." त्याही बाद. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. माझी पाळी आली तेव्हा मी अगदी शहाणपणानं, घर कुठेच येऊ न देता विचारलं, "वीट्टुप्पाडम कुठे आहे?"

बोलले आणि जीभ चावली. वीट्टुप्पाडम, म्हणजे 'वीडु'चाच पाठ, घरचा पाठ. आणि आपलं मराठी तरी काय वेगळं? गृहपाठ. शाळेत असल्यापासून हा शब्द तोंडात आहे, पण त्यात घर आहे हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

बाईंनी उपदेश केला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "मग जिला घरच नसेल, तिनं तो करायचा कुठे?"

मला हळहळत बसायचा कंटाळा आहे. मी तिथेच उठून म्हटलं, की शाळेत करायचा. प्रार्थनेच्या आधी, माझ्या वर्गात, हवं त्या मुलीनं यावं. कोण कुठे राहते हे विचारायचं नाही. आणि त्याला घरचा पाठ म्हणायचं नाही, सकाळचा पाठ म्हणायचं. एवढं बोलून मी माझ्या तमिळमध्ये ऐटीत जाहीर केलं, "काळैप्पाडम!"

सगळी खोली खदाखदा हसली. वॉचमन तर टेबलाला धरून हसत होता. झालं होतं असं, की तमिळमध्ये सकाळ म्हणजे कालै, साध्या 'ल'चं. माझ्या डोक्यात आपली 'सकाळ', तिच्यातला 'ळ' आपोआप जिभेवर आला. आणि काळै म्हणजे बैल. साऱ्या शाळेसमोर मी बैलाचा पाठ सुरू करणार असल्याची घोषणा केली होती.

सोमवारपर्यंत हे मुलींना कळलं होतंच. तमिळच्या टीचरना राहवेना, त्या दिसेल त्या मुलीचा 'ल' सुधारायला लागल्या. पण प्रशिक्षणाच्या बाई जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या, "नाव दुरुस्त करू नका. त्याची गंमत आहे तोवर इथे कोण कशासाठी येतं, हे कुणी विचारणार नाही."

तसंच झालं. बैलाच्या पाठाला औषधाच्या दुकानवाल्याची मुलगी यायला लागली, कारण तिला नावच आवडलं. जिच्या घरी टीव्ही कधी बंद होत नाही, तीही आली. ज्यांना वह्या उघडायला खरंच दुसरी जागा नव्हती, त्या या घोळक्यात मिसळून गेल्या. वॉचमन लवकर येऊन गेट उघडायचा आणि उशिराचं कारण न विचारता नुसतं "वा मा, वा" म्हणायचा. तमिळमध्ये त्याचा अर्थ 'ये गं, ये'. माझ्या मराठी कानाला मात्र तो रोज सकाळी प्रत्येक मुलीचं कौतुक करतोय असंच वाटायचं. आयाबाईंनी मोरीत साबण, कंगवा आणि आरसा ठेवला, सगळ्यांसाठी. एरवी या लोकांशी माझे खटके उडतात, पण त्या महिन्यांत मला आमच्या शाळेचा इतका अभिमान वाटायचा, की गाडीत शेजारी बसलेल्या बाईला धरून सांगावंसं वाटे.

नववीतली ती मुलगी पहिले काही दिवस दाराजवळ बसली. मग एक दिवस व्हरांड्यातून येताना ऐकलं, ती औषधवाल्याच्या मुलीला बीजगणित समजावत होती, आणि "चिन्ह कुठे गेलं, चिन्ह?" असं थेट माझ्या आवाजात रागावत होती. मी आत न जाता बाहेरच उभी राहिले. डोळे भरले होते, आणि ते मुलींना दाखवण्याची माझी पद्धत नाही.

वार्षिक परीक्षा संपली आणि ठरल्याप्रमाणे आई आली. मी मुख्याध्यापिकांच्या खोलीत होते. टीसी देऊ नका म्हणून काय काय बोलायचं, ते मनात घोकून ठेवलं होतं.

आई बसायला तयार नव्हती. उभ्यानंच म्हणाली, "टीसी नको, अम्मा. एक विचारायला आले. सुट्टीत सकाळी गेट उघडं असेल का?"

"सुट्टीत कशाला?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"बाकीची पोरं सुट्टी म्हटली की नाचतात. माझी परवापासून रडतेय. गिंडीला जा म्हटलं तर नाही म्हणते. बैलाचा पाठ बंद होणार, म्हणून रडते."

मुख्याध्यापिकांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या आईला कळू नये म्हणून मराठीत म्हणाल्या, "टीचर, तुमचं साताऱ्याचं तिकीट काढून झालं नव्हे?"

मी उत्तर तमिळमध्ये दिलं, त्या आईला कळावं म्हणून. "गेट उघडेल. मी येईन."

घरी नवरा म्हणाला, "माहेरी काय सांगणार?" मी म्हटलं, "बैल सांभाळतेय म्हणून सांगेन."

जूनमध्ये दहावीची पहिली हजेरी मी घेतली. इथल्या मुली हजेरीला "उळ्ळेन अम्मा" म्हणतात. रोज ऐकून ऐकून त्याचा अर्थ मनात येणं बंद झालं होतं. तिचं नाव घेतलं. ती उठून उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "उळ्ळेन अम्मा."

म्हणजे, मी आहे.