शोकेसमधले कप

माझ्या व्याह्यांनी मला फसवलं. लग्नाच्या बैठकीत शब्द दिला आणि मोडला, तोही हसत हसत. पांडेसऱ्याच्या कापड वसाहतीत लूमवर कामगार म्हणून आलो आणि स्वतःचं खातं, म्हणजे लूमचा कारखाना, उभं केलं, असा मी. सुताच्या व्यापाऱ्यांपुढे कधी हार गेलो नाही. मला गुंडाळलं ते बँकेतून निवृत्त झालेल्या या सज्जन माणसाने.

देश गरीब का राहतो, याचं उत्तर व्याह्यांना आमच्या शोकेसमध्ये सापडलं. मुलगी बघायला आले तेव्हा बायकोने रोजच्या कपांत चहा आणला. यांनी उठून शोकेस उघडली, सोनेरी काठाचा कप काढला आणि चहा त्यात ओतून घेतला. म्हणाले, "आपल्याकडे काही नाही म्हणून देश गरीब नाही. आहे ते काचेमागे ठेवतो, म्हणून आहे." मग बोलता बोलता सोफ्यावरचं प्लॅस्टिकही सोलून काढलं. मी तोंड उघडणार तोच बायको कानाशी म्हणाली, "व्याही शेतस त्या, काई बोलू नका." माझ्या आवाजाला भले भले मुकादम दचकतात, पण मुलीच्या सासऱ्यावर ओरडायची सोय देवाने ठेवलेली नाही.

सगळीकडे त्यांचं हेच. बारशाला गेले की आहेरातला मिक्सर खोक्यातून काढून तिथेच चटणी वाटायला लावतात. आमच्या शेजारणीच्या शिलाई मशीनवर वर्षानुवर्षं भरतकामाचं कव्हर होतं. ते उचलून यांनी स्वतःच्या पायजम्याला टीप मारून घेतली. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

कारण माझी अट एकच होती. मुलीला कापडाच्या डिझाइनचं शिकवलंय, पण सासरी तिला कामाला लावायचं नाही. राबणं आमच्या पिढीत पुरे झालं. व्याह्यांनी मान डोलावली. लग्नानंतर तिचं फ्रेममधलं सर्टिफिकेट भिंतीवरून काढून तिच्या हातात दिलं. "हा आणखी एक कप," म्हणाले. ती जवळच्या सचिन गावात साड्यांच्या छपाईच्या कामात शिरली आणि घरी हे पोळ्या लाटू लागले. एकही गोल नाही, पण खाणाऱ्याला बोलायची मुभा नाही.

जाब विचारायला गेलो, तर पीठ लागलेले हात जोडून म्हणाले, "व्याहीबुवा, मी कुठे कामाला लावलं? मी फक्त काच सरकवली."

मग एके दिवशी मुलगी माझ्याच खात्यावर कापड घ्यायला आली. मी भाव सांगितला. कापडाचा ताका उलगडून बघत ती म्हणाली, "पप्पा, माल छान आहे. भाव मात्र रागात सांगितलात." कामगार हसले. मी भाव उतरवला. आणि ती गेल्यावर दिवसभर कुणावर ओरडावंसं वाटलं नाही.

आता व्याही थोरल्या मुलाकडे नाशिकला राहायला गेलेत. निघताना आमच्याकडे चहा घेतला, तेव्हा त्यांच्या हातून एक कप फुटला. "वापरात फुटला, सोनं झालं," म्हणाले. बायकोने उरलेले धुऊन परत काचेमागे ठेवले. मीच ते बाहेर काढले. रोज सकाळी त्यातच पितो, समोरची खुर्ची रिकामी असते.

तर व्याहीबुवा, तुम्ही माझा सेट मोडलात, शब्द मोडलात आणि सगळ्या कामगारांदेखत मला भाव उतरवायला लावलात. याचा जाब फोनवर चालणार नाही. इथे या, खुर्चीत बसा आणि द्या.