केळफुलामागची पांढरी पिशवी

निघालो होतो धुळ्याहून लळिंगला, रानफुलं टिपायला. पोहोचलो सावद्याच्या पुढे, केळीत. पंपावर एक ट्रकवाला म्हणाला, "फुलांचे फोटो काढतो, आन केळफूल जवळून पाह्यलं नाही?" झालं, गाडीचं तोंड उलट दिशेला. आईला फोन केला तर ती म्हणे, "फुलं पाहाले इतला दूर कोन जास रे? आठे काय कमी शे?"

पारोळा, एरंडोल, जळगाव असा रस्ता. मधे कामं चालू आहेत, धूळ भरपूर, तोंडाला रुमाल घ्याच. रात्री पिंप्राळ्यात मित्राकडे पडलो. थंडीत गेलात तर भरीत-भाकरी चुकवू नका, दोघांत एक ताट पुरतं. सकाळी भुसावळहून सरळ तापी ओलांडायची, तर मी दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या बघायला भलतीकडेच गेलो. धुक्यात बुडखे गायब होते, नुसती वरची टोकं हवेत उभी. परत फिरलो.

सावद्यापुढे रस्त्याला लागून एका वावरात अक्का भेटल्या, पन्नाशीच्या. फोटोचं विचारलं.

"काढ ना. पन घडाले हात लावू नको. आन आयक, आमचे आबा, माहे सासरे, सकायपासून घरात नाही. पांढरं धोतर, पांढरी टोपी. बाकीचे गावात पाहू र्‍हायले. मांगे हीर हाये, कठडा नाही तिले. दिसले तं जोरात आवाज दे."

"मी हाक मारली तर ओ देतील ना?"

"सोताचं नाव इसरले ते. ओ कशाले देतील?"

हो म्हणालो, आणि आत शिरलो.

केळीची बाग बाहेरून हिरवीगार. आत चार ओळी गेलं की उजेड विटतो. सगळ्या ओळी सारख्या, पायाखाली ठिबकच्या नळ्या. घड डागाळू नयेत म्हणून त्यांना पांढऱ्या पिशव्या घातलेल्या, माणसाच्या उंचीवर लोंबणाऱ्या. पहिल्यांदा दचकायला होतं, मग सवय होते. मला लवकर झाली.

एक घड उघडा मिळाला. खाली जांभळं केळफूल, एक पाकळी वर उचललेली, तिच्याखाली पिवळट फुलांची रांग, प्रत्येकाच्या टोकाशी मधाचा थेंब. इतक्या जवळून एका फोटोत तांदळाच्या दाण्याएवढाच भाग स्पष्ट येतो. म्हणून फोकस स्टॅकिंग. कॅमेरा तिपाईवर घट्ट, फोकस पुढच्या थेंबावर, एक फोटो. मग केसभर मागे, दुसरा. असं पार मागच्या कडेपर्यंत. घरी कॉम्प्युटर सगळ्यांतला स्पष्ट भाग उचलून एक करतो. अट एकच, काहीही हलता कामा नये.

मागे एक पांढरा डाग येत होता. घडाची पिशवी. पार्श्वभूमीत पांढरं आलं की डोळा फुलावर ठरत नाही, म्हणून तिपाई जरा सरकवून डाग फुलाआड लपवला. पहिल्या फेरीत मधेच तो डावीकडून निघाला. माझाच धक्का लागला असणार. पुन्हा लपवला, पुन्हा पहिल्या थेंबापासून. आता उजवीकडून निघाला.

वारा नव्हता. एक पानही हलत नव्हतं. कुठेतरी केळफुलाची सुकी पाकळी पडली, टप.

लांबून अक्कांची हाक येत होती, "आबा होऽऽ". मी मात्र चिडलो होतो, पिशवीवर. तिसऱ्या फेरीच्या शेवटी रागाने फोकसची रिंग जास्तच फिरली, फोकस फुलाच्या पार मागे गेला. तो वाया गेलेला फोटो खोडायला म्हणून पडद्यावर मोठा केला.

फूल पुसट झालं होतं. पिशवी स्पष्ट. तिला खांदा होता. खाली, नळीच्या अलीकडे, दोन अनवाणी पाय.

मान वर केली. समोर पिशव्याच पिशव्या, एकही हलत नाही.

"अक्काऽऽ!" माझा आवाज मलाच ओळखू येईना.

त्या धावत आल्या. पडद्याकडे बघितलं आणि तोंडावर पदर धरला. "हिरीकडचीच ओय हाये ही." विहिरीकडच्या त्या ओळीने पुढे त्या, मागे मी, प्रत्येक पिशवीपाशी थांबून खाली पाय बघत. विहिरीआधीच्या शेवटच्या ओळीत आबा सापडले. दोन घडांच्या मधे उभे, हात खोडावर, अंग थंडगार. पुढच्या पावलावर जमीन संपत होती.

अक्कांनी त्यांचं मनगट धरलं ते सोडलंच नाही. एवढा वेळ न रडलेली बाई आता शिव्या देत रडत होती. आबा माझ्याकडे बघत होते, शांत.

"तू कवाचा माह्याकडे पाहू र्‍हायला," ते म्हणाले. "मंग बोलला काहून नाही?"

चहा घ्यावाच लागला. अक्कांनी केळफूल तोडून हातात दिलं, भाजीसाठी. मला नाही म्हणता आलं नाही.

घरी येऊन तिसऱ्या फेरीतले फोटो एकत्र केले. फूल काय आलंय! एकेक थेंब मोजून घ्या. मागचा डाग पुसायला मिनिटभर पुरलं असतं, मी हात लावला नाही. जाणार असाल तर माझ्याकडून एवढंच घ्या. डाग लपवायच्या आधी एकदा कॅमेऱ्यावरून मान वर काढून बघा.

फोटो आईला दाखवला. मोबाइलवर, छोटासाच. काही सांगितलं नव्हतं तिला. तिने चष्माही लावला नाही.

"हाऊ मांगे कोन उभा शे?"