द्वारा अक्काची गिरणी

अक्काच्या गिरणीत गेलं की "या, बसा" नसायचं. कोणीही येवो, पट्ट्यावरची नजर न काढता ती एकच विचारायची, "तुना डबा कोठे शे?" डबा रांगेत असेल तर माणूस आला, नसेल तर तो आलाच नाही. एकदा मागच्या कॉलनीतल्या बंगल्यातून ड्रायव्हर गव्हाचा डबा घेऊन आला आणि साहेबांचं आडनाव सांगत तो थेट यंत्रापाशी ठेवायला लागला. अक्काने डबा उचलला आणि दारापाशी, चौदाव्या जागी नेऊन ठेवला. "डबाले आडनाव नही र्‍हास," एवढंच म्हणाली. ड्रायव्हर तासभर बाकावर शेंगा खात बसला. पुढच्या खेपेपासून तो सकाळी लवकर यायला लागला.

मला याद्या करायची सवय लहानपणापासूनची. डाळ मिलमध्ये माझं कामच मालाच्या नोंदींचं, आणि घरी किराण्यापासून औषधांपर्यंत सगळं वहीत. पण यादी म्हणजे नेमकं काय, हे मला शिकवलं जळगावच्या त्या गिरणीत, जिला धड वाचता येत नव्हतं अशा बाईने.

तेव्हा आम्ही भाड्याच्या खोलीत राहायचो. अकरा महिन्यांचा करार, की पुन्हा नवी खोली, नवा जिना, नवा घरमालक. सरकारी कमी भाड्याच्या घरांसाठी अर्ज केलेला होता आणि प्रतीक्षायादीत आमचा नंबर हळूहळू वर येत होता. नंबर लागला की कार्यालय पत्र पाठवायचं: पंधरा दिवसांत मूळ कागदपत्रं घेऊन हजर व्हा, नाहीतर नाव यादीच्या तळाला. आमचं पत्र गेलं ते दोन खोल्यांपूर्वीच्या पत्त्यावर. त्या घरमालकाने त्यावर सुवाच्य अक्षरात "येथे राहत नाहीत" असं लिहून परत पाठवलं. तीन वर्षांचा नंबर त्या तीन शब्दांत गेला.

गिरणीत मी हे सांगितलं तेव्हा अक्का कोणाचं तरी कळण्याचं, ज्वारी-उडदाचं, दळण टाकत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, पदराने पापण्यांवरचं पीठ पुसलं आणि नव्या अर्जावर गिरणीचा पत्ता टाकायला सांगितला. "भाडेकरू हालस, गिरणी हालत नही."

एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर नाना रोज बाकावर पेपर वाचत बसायचे. ते म्हणाले, "अक्का, तू पट्टा लावला की सगळी गल्ली हालते."

"नाना, तुमना डबा मांगे ठेऊ का?"

नानांनी पेपरात तोंड घातलं.

ही गोष्ट पसरायला आठवडाही लागला नाही. पाइपच्या कारखान्यातले, डाळ मिलमधले, रिक्षावाले, जे कोणी त्या यादीत होते ते सगळे अर्जावर 'द्वारा अक्काची गिरणी' असा पत्ता लिहायला लागले. मी एक वही सुरू केली: नाव, अर्जाचा क्रमांक, फोन, सध्याची खोली. दर रविवारी ती वही घेऊन बाकावर बसायचं काम माझं. पत्र आलं की फोन करायचा, असं मी ठरवलं होतं. पण निम्मे फोन रिचार्ज संपून बंद पडलेले असायचे. अक्काची पद्धत साधी होती. पत्र ज्याचं, त्याच्या डब्यात पिठावर ठेवायचं आणि झाकण लावायचं. "फोन बंद पडस, पोट बंद पडत नही." आणि खरंच, आठ दिवसांच्या आत प्रत्येकाला दळण लागायचंच. कार्यालयातले कारकून तर आमचे कागद लांबूनच ओळखायचे. शिक्का मारण्याआधी कागदावर फुंकर घालून म्हणायचे, "गिरणीवाले दिसता."

आमचं पत्रही मला असंच मिळालं, दादर ज्वारीच्या पिठात, एका कोपऱ्याला ऊब लागलेलं. आम्ही नव्या घरात राहायला गेलो, पण रविवारची वही मी सोडली नाही.

पुढच्या वर्षी मी कार्यालयाच्या फलकावर लावलेल्या यादीत वहीतली नावं शोधत होते. एका नावावर बोट थांबलं. ते अक्काचं होतं. पत्र पाठवल्याची तारीख होती, मुदतीचे चार दिवस उरले होते आणि पत्ता होता भडगावचा.

तिचा अर्ज आहे हेच मला ठाऊक नव्हतं. माझ्या वहीत सगळे होते, ती नव्हती. वही माझी, चूक माझी. तशीच गिरणीत गेले, तेव्हा कुठे बाकीचं तिच्या तोंडून निघालं. गिरणीची जागा दुसऱ्याची होती, तिने ती फक्त चालवायला घेतलेली, आणि मागच्या पत्र्याच्या खोलीत ती एकटी राहायची हे आम्हाला माहीत होतं. मालकाने जागा विकली आहे आणि दिवाळीआधी दोन्ही खाली करायचं आहे, हे माहीत नव्हतं. म्हणजे गिरणीही हलणार होती. अर्ज तिने जळगावात आली त्याच वर्षी केलेला. मी भडगावचा पत्ता का, असं विचारलं तर माझ्याकडेच चमत्कारिक बघून म्हणाली, "त्यास्नी कायमना पत्ता इचारा, मी कायमना सांगा."

लगेच निघू म्हटलं, तर नऊ डबे रांगेत होते. ते नऊ दळून झाल्याशिवाय ती उठली नाही. त्यानंतर आलेल्या डब्यांची राखण नानांकडे सोपवली. नाना कंडक्टरच्या रुबाबात रांगेच्या तोंडाशी उभे राहिले आणि दळण बंद असूनही त्यांनी कोणाला पुढे सरकू दिलं नाही, असं नंतर कळलं.

भडगावला, अक्काच्या सासरी, तिच्या जावेने आम्हाला आधी पाणी दिलं, मग चहा, मग इतक्या वर्षांत आली नाहीस म्हणून चार शब्द सुनावले. पत्राचं विचारल्यावर ती स्टुलावर चढली आणि फडताळाच्या वरच्या फळीवरून स्टीलचा एक डबा काढला. लग्नातल्या त्या डब्यावर अक्काचं नाव कोरलेलं होतं. "तुनाच डबामा ठेवं. येशी तवय उघडशी, आसं वाटनं."

अक्का डब्याकडे बघत राहिली आणि मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. परतीच्या बसमध्ये डबा तिच्या मांडीवर होता.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात ही गर्दी. कारकुनाने तिला ओळखलं आणि पुढे बोलावलं. अक्का जागची हलली नाही. तिने तो स्टीलचा डबा रांगेतल्या शेवटच्या माणसामागे जमिनीवर ठेवला. "आठे मना डबा मांगे शे," म्हणाली आणि पायरीवर जाऊन बसली. तिचं पाहून लोकांनी पिशव्या, हेल्मेटं, छत्र्या रांगेत ठेवल्या आणि सगळे सावलीत बसले. तिची पाळी आली तेव्हा कारकुनाने सवयीने कागदावर फुंकर घातली. त्यावर पीठ नव्हतं.

तिला पहिल्या मजल्यावरची खोली मिळाली. गिरणी बंद झाली. पोस्टमनने पत्रं कुठे द्यायची असं विचारलं, तर मला न विचारता अक्काने माझा पत्ता सांगितला आणि पत्रं ठेवायला तो कोरलेल्या नावाचा डबाही दिला. तिचं नाव मला वहीच्या पहिल्या ओळीत लिहायचं होतं. तिने ते शेवटच्या ओळीत लिहायला लावलं.

गेल्या वर्षी धुळ्याच्या लेकीला जुळी झाली आणि अक्काला तिकडे राहायला बोलावणं आलं. शेजारच्यांनी सल्ला दिला की कुलूप लावून जा, नाहीतर कोणाला तरी भाड्याने ठेव, इथे सगळे तेच करतात. अक्का मला घेऊन कार्यालयात गेली आणि किल्ली टेबलावर ठेवली. घर मागायचे फॉर्म तिथे ढिगाने होते, परत करायचा एकही नव्हता. कारकून म्हणाले, जरा विचार करा, पुन्हा मिळायला वर्षं लागतील. "मांगे डबा शे ना," अक्का म्हणाली. शेवटी साध्या कागदावर मी अर्ज लिहिला, तिने अंगठा न लावता मोठ्या कष्टाने सही केली.

दोन महिन्यांनी माझ्याकडे एक पत्र आलं, मुक्ताईनगरकडच्या एका जोडप्याच्या नावाचं. मी ते डब्यात ठेवलं. रविवारी दोघं आले, झाकण उघडलं आणि बराच वेळ उभ्याउभ्याच वाचत राहिले. अक्काचीच खोली होती.

संध्याकाळी मी धुळ्याला फोन लावला. मागे दोन्ही बाळं एका सुरात रडत होती. मी सगळं सांगितलं: खोली लागली, कोणाला लागली, कधी राहायला येणार. अक्काने ऐकलं. कोण ते लोक, काय करतात, काही विचारलं नाही.

"त्यास्ना मांगे कोन शे?" ती म्हणाली.

मी वही उघडली.